बाण पुसलेले दगड

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. मंग मधीच कुणी म्हणू नये, की खरात सर, तुम्ही तोंड आवरायला पाहिजे होतं. आवरत न्हाई. जालन्यात जन्म गेला भूगर्भशास्त्र शिकवण्यात, आन् त्यातला निम्मा तर लोकांना एवढंच सांगण्यात गेला, की बाबांनो, भूगोल वेगळा आन् भूगर्भशास्त्र वेगळं. आमच्या प्राचार्यांना अजून फरक कळलेला न्हाई. मीटिंगमध्ये ते मला 'आपले भूगोलाचे धम्मपाल सर' म्हणतात, मी दरवेळी उठून दुरुस्त करतो, आन् सगळे हसतात. हसा लेको. मे संपला की मी रिटायर, आन् माझ्यासंगं आमचा विभागही. माझी जागा भरायची न्हाई असं वरून आलंय. पोरंच येत न्हाईत म्हणे. कुठून येतील? दगड शिकून काय करणार, असं आई-बापच विचारतात.

शेवटची विद्यार्थिनी म्हणजे फरहीन. माझ्याकडंच बी.एस्सी. केलं, एम.एस्सी.ला बाहेर गेली, आन् परत येऊन म्हणली, सर, तुमच्याच हाताखाली पीएच.डी. करायची. म्हणलं, वेडी का काय तू? इथं ना मशीन, ना पैसा, ना कुणी विचारणारं. तरी आली. दिवसा एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत उगवण तपासायचं काम करायची, म्हणजे ओल्या कागदावर दाणे ठेवायचे आन् किती उगवले ते बघायचं. तिथून सुटली की स्कूटी घेऊन थेट विभागात. बोलायला कमी. पण एक खोड होती पोरीला. मी काहीही सांगितलं की म्हणायची, "सर, परत एकदा मोजून बघू का?" सुरुवातीला माझं डोकंच उठायचं. मी मोजलंय ना! तर म्हणायची, "हो सर, पण परत एकदा." आन् मोजायचीच.

आता ती काय करत होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. आपला हा सगळा मुलूख लाव्ह्याचा. थर सांडला, थंड झाला, त्यावर दुसरा सांडला, असं करत करत हा काळा पाषाण तयार झाला. लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडं तोंड करून गोठतात. शाळा सुटल्यावर पोरं घराकडं तोंड करतात ना, तसं. आन् गंमत अशी, की पृथ्वीचं हे चुंबक मधूनमधून उलटं होतं. उत्तर जिथं होती तिथं दक्षिण येते. म्हणून एखादा थर आत्ताच्या उत्तरेकडं बघतो, तर दुसरा बरोबर उलट. हे जगाला ठाऊक आहे. पण उलटं होता होता, नेमक्या त्या मधल्या काळात सांडलेला थर सापडणं म्हणजे नशीब लागतं.

आमचं नशीब जाफराबादच्या पुढं होतं, एका खडीच्या खाणीत. मी त्याच तालुक्यातला. खाणीच्या भिंतीत वर एक जाड थर, खाली एक जाड थर, दोघांच्या मधी विटेसारखा लाल पट्टा, आन् त्या लाल पट्ट्याच्या खाली एक पातळसा थर. हा पातळ थर म्हणजेच तो मधला, असं मला नोकरीला लागल्यापासून वाटत आलंय. एका परिषदेत बोललोही होतो. तिथं पुण्याच्या एका मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर विचारलं, "खरात, तुमचा कंपास कुठल्या जत्रेतून घेतला?" तेव्हापासून मी परिषदेला गेलो न्हाई. पण दर वर्षी पोरांना त्या भिंतीपुढं उभं केलं. शेवटी फरहीननं तो विषय घेतला.

दगड गोळा करायची आमची एक पद्धत आहे. दगड भिंतीतच असताना, हलवायच्या आधी, त्यावर कंपास लावायचा. उत्तरेकडं मार्करनं बाण काढायचा, वरची बाजू कुठली त्याची खूण करायची, नंबर घालायचा. आन् मंगच हातोडा मारायचा. बाण आधी, हातोडा मंग. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मी हे पाठ करून घेतो. कारण एकदा का दगड भिंतीतून निघाला, की त्याची उत्तर फक्त त्या बाणात राहते. बाण गेला तर तो दगड टाच घासायला बरा.

असे तीसेक दगड आम्ही काढले. मी जातीनं गेलो होतो प्रत्येक वेळी. फरहीन बाण काढायची, मी कंपास धरायचो, ती परत एकदा बघायची. दगड विभागात ठेवले. मंग आमचं स्टोअर कॉमर्सवाल्यांना कॉम्प्युटरसाठी देऊन टाकलं. मी भांडलो, लई भांडलो, टेबलावर हात आपटला, पेपरवेट फुटला, पण स्टोअर गेलं ते गेलं. फरहीन म्हणली, "जाऊ द्या सर, मी घरी ठेवते." तिचं घर जुन्या जालन्यात, दोन खोल्या आन् पुढं अंगण. बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून तिनं दगड ओळीनं मांडले. लोकांच्या घरी शोकेस असतं, त्यांच्या घरी हे.

दगडातल्या कणांची दिशा मोजायची मशीन आपल्याकडं न्हाई. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत आहे. तिथली तारीख मिळायला दोन वर्षं गेली. मिळाली ती एप्रिलच्या शेवटची. म्हणजे अगदी काठावर. फरहीनच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा वाढत न्हाई. मी मेमध्ये जाणार. एप्रिलमध्ये दगड मोजले, तर उन्हाळ्यात प्रबंध लिहून होतो. न्हाईतर पोरीची पाच वर्षं पाण्यात.

आन् मार्चच्या शेवटी ईद आली.

दर ईदला मी फरहीनच्या घरी जातो. तिच्या अम्मी, अकबरबी, शीरखुर्मा असा करतात की माणसानं वर्षभर वाट बघावी. मी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. फरहीनचे अब्बा फकरोद्दीनभाई गल्लीतच भेटले. रोलिंग मिलमध्ये काम करणारा माणूस, मिठी मारली की बरगड्या मोजून घ्याव्या लागतात. ते गळाभेट घ्यायला पुढं गेले, मी दाराशी आलो. तर फरहीन दारातच उभी. नवीन ड्रेस, हातावर मेंदी, आन् डोळे सुजलेले.

"सर, हात जोडते तुमच्यापुढं," ती हळूच म्हणली. "अम्मीला काही बोलू नका. आज ईद आहे."

"काय झालं?"

ती बाजूला सरली. अंगणात ऊन आलं होतं. त्या उन्हात पोती शिवून केलेलं सुताडं अंथरलं होतं, आन् सुताड्यावर आमचे दगड. स्वच्छ, काळेभोर, चकचकीत. एकावर म्हणून शाईचा ठिपका न्हाई.

मला आधी वाटलं, दुसरेच दगड आहेत. मी खाली वाकलो, एक उचलला, फिरवला. दुसरा उचलला. तेवढ्यात अकबरबी आतून वाटी घेऊन आल्या. तोंडभर हसू.

"ईद मुबारक सर! बैठो, बैठो. देखे क्या दगडां? कित्ते मैले हो गये थे जी! आज मेहमान येणार, म्हणलं मेरी बच्ची की डॉक्टरी का काम, लोकां क्या बोलेंगे? काल ये कामावर गई, तो मैं सब बाहेर निकाली. सोडा लगाई, तारेच्या ब्रशनं घासली. वो काले काले लकीरां निघतच नव्हते. फिर बाथरूम का तेजाब लगाई, तब निकले." त्यांनी हात दाखवले. बोटांची सालं निघालेली. "हाथां जल गये, पर दगड देखो. आरसा!"

मार्करच्या पुड्यावर 'परमनंट' लिहिलेलं असतं. बाथरूमच्या ॲसिडपुढं कशाचं आलंय परमनंट.

मी खुर्चीत बसलो. वाटी हातात घेतली. फरहीन माझ्याकडं बघून राह्यली होती. एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. खरं सांगतो, मी आवरायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा केला. तर अकबरबी आणखी वाढायला डाव घेऊन आल्या आन् म्हणल्या, "और एक बार पानी मारूं क्या सर? और चमकेंगे."

"अहो भाभी," मी उठलोच, "काय चमकवता? पोरीची पाच वर्षं धुऊन टाकली तुम्ही! कळतंय का काय केलं ते?"

त्यांना काही कळलं न्हाई. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मंग फरहीनकडं.

"कुछ नहीं अम्मी," फरहीन म्हणली. "सर मजाक करते."

पण मजाक करणाऱ्याचं तोंड कसं असतं आन् माझं कसं होतं, हे न कळायला अकबरबी काय लहान होत्या? त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. मी वाटी ठेवली आन् चप्पल घालून निघालो. ईदच्या दिवशी वाटी अर्धी टाकून उठलेला पाहुणा त्यांच्या दारातून त्या आधी गेला नसंल. गल्लीत पोरं नवीन कपडे घालून फिरत होती, फुगेवाला पिपाणी वाजवत होता. घरी येऊन शर्ट काढून फेकला आन् आडवा झालो.

संध्याकाळी फरहीनचा फोन आला.

"सर, अम्मी थांबतच न्हाई. मैं क्या की, मैं क्या की, असं करून रडून राह्यली. शेवटी सांगितलं, दगडावरचे बाण गेले म्हणून."

"मंग?"

"मंग म्हणली, सर फिर से निकाल देंगे ना?"

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हणले."

मला तिच्यावर चिडता आलं न्हाई. म्हणलं, फोटो? फोटो होते म्हणली, पण लांबून काढलेले, अख्ख्या भिंतीचे. एकेका दगडाचा वेगळा फोटो कशाला काढायचा? बाण होता ना त्यावर! वहीत अंश लिहिलेले होते, पण ते त्या बाणाचे. नंबरही धुऊन गेले, मंग कुठला अंश कुठल्या दगडाचा?

"सर," ती म्हणली, "खाणीत परत काढता येतील का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही जाफराबादला गेलो, एसटीनं. तिथून शेअर जीपनं पुढं. खाणीवर पोचलो तर मला जागाच ओळखू येईना. भिंत न्हाई. जिथं भिंत होती तिथं खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी, पाण्यात म्हशी. क्रशर पलीकडं सरकला होता, नुसता खडखडाट. खाणीचा मालक कडूबा खाटेवर बसला होता. मला तो लहानपणापासून ओळखतो.

"सर, लई दिसानं! यंदा पोरं न्हाई आणली?"

"कडूबा, भिंत कुठंय? तो लाल पट्टा?"

"तो व्हय? तो तर दिवाळीतच फोडला. मोठी आर्डर आल्ती. रोडात गेला की आख्खा." त्यानं हात लांब केला, डांबरी रस्त्याच्या दिशेनं. "आता तुम्ही त्याच्यावरनंच आले असाल बघा जीपमधी."

मी त्याला शिव्या दिल्या. त्याला वाटलं मी गमतीनं देतोय, तो हसला, चहा सांगितला. काय बोलणार त्याला? त्याचं पोट खडीवर. दगड फोडू नको म्हणून मी त्याला कधी सांगितलं होतं? फरहीन खड्ड्याच्या काठानं पूर्ण चक्कर मारून आली. कुठं हातभर तरी लाल दिसतंय का, म्हणून बघत होती. परत आली आन् मान हलवली. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून बसली. राजूर आलं तेव्हा तिनं विचारलं, "सर, मी कंपनीत पूर्ण वेळ घेऊ का? ते विचारून राह्यले."

पोरगी हार मानून राह्यली होती. आन् मी कंडक्टरच्या सीटमागं बसल्या बसल्या, अगदी खात्रीनं म्हणलं, "काही गरज न्हाई. मला आठवतात."

"काय?"

"दगड. एकूण एक. मी होतो ना प्रत्येकाला. कुठला दगड कसा निघाला, उत्तर कुठल्या टोकाला होती, सगळं डोळ्यापुढं आहे. मी परत काढतो बाण."

हे मी फसवायला बोललो न्हाई. मला खरंच वाटत होतं. चाळीस-पन्नास पोरांच्या बॅचमधला कोण कुठं बसायचा ते मला सांगता येतं. दगड तर मी माणसांपेक्षा जास्त बघितले. फरहीननं डोकं खिडकीवरून उचललं. मंग म्हणली, "खडूनं काढू सर. आधी खडूनं."

त्यानंतर मी रोज कॉलेज सुटलं की तिच्या घरी जायला लागलो. अकबरबींना तोंड कसं दाखवायचं ह्याचीच धास्ती होती. पण पहिल्या दिवशी अंगणात पाय ठेवला तर त्यांनी चटई टाकलेली, उशी ठेवलेली, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. मीच म्हणलं, "भाभी, त्या दिवशी मी बोलायला नको होतं." त्या म्हणल्या, "तुम्ही बराबर बोले सर. मैं अनपढ, मेरे को क्या समझता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या बोटांना अजून पट्ट्या होत्या.

फरहीन एकेक दगड आणून द्यायची. मी हातात घ्यायचो, फिरवायचो, डोळे मिटायचो. आन् आठवायचंच. म्हणायचो, "हा, हा बघ, खालच्या थरातला. तू दमली होतीस, बाभळीखाली बसून चिवडा खात होतीस. कडूबाची जेसीबी बंद पडली होती. उत्तर ह्या टोकाकडं." आन् खडूनं बाण काढायचो. फरहीन मोबाइलवर फोटो घ्यायची, बाण पुसायची, दगड आत न्यायची. पुसते कशाला म्हणून मी विचारलं. म्हणली, "सगळे झाले की एकदमच मार्करनं काढू सर." मला बराबर वाटलं.

रोज चार-पाच दगड व्हायचे. प्रत्येकाची मी गोष्ट सांगायचो. अकबरबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकायच्या. आधी पदर तोंडाला लावून बसायच्या. मंग हळूहळू सैल झाल्या. एक दिवस स्वतःच दगड उचलून आणायला लागल्या, दोन्ही हातांनी, जपून. "ये कौनसा है सर?" असं विचारायच्या. मी सांगायचो, आन् त्या फरहीनला म्हणायच्या, "देख, सर को सब याद है. अल्ला सर को लंबी उमर दे." मला आतून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. कॉलेजात निरोपाची तयारी चालली होती, शाल-नारळाची, आन् इथं मी कामाचा माणूस होतो.

शेवटच्या रविवारी मी दुपारीच गेलो. उरलेले पाच-सहा दगड होते. फरहीननं ओळीनं मांडून ठेवले होते. मी एकेक घेतला. त्यातला एक जरा चपटा, बोथट कोपऱ्याचा. म्हणलं, "हा तर मी कधीच विसरणार न्हाई. शेवटच्या दिवशीचा. लाल पट्ट्याच्या खालचा, तो आपला पातळ थर. तुझी ओढणी काट्याला अडकली होती, कंपास मी धरला, बाण तू काढला. उत्तर इकडं." आन् बाण काढला. सगळ्यांवर काढले. खडू ठेवला, हात झटकले.

"झालं बघ," म्हणलं. "आण तुझा मार्कर."

फरहीन उठली न्हाई. तिनं मोबाइल काढला आन् माझ्यापुढं धरला. फोटोत तोच चपटा दगड होता, त्यावर माझ्या हातचा खडूचा बाण. भलत्याच टोकाकडं.

"हे काय?"

"हा तुम्ही पहिल्या दिवशी केलता सर. तेव्हा म्हणले होते, खालच्या थरातला आहे. चिवडा, जेसीबी." तिचा आवाज बारीक झाला. "आज समोर ठेवलेले सगळे दगड आधीचेच आहेत. परत आणलेले."

मी दगडाकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. मंग भडकलोच. "माझी परीक्षा घेऊन राह्यलीस? माझी?"

"परत एकदा मोजून बघितलं सर."

"आन् बाकीचे?"

तिनं बोटानं एकेक फोटो सरकवला. मी प्रत्येक दगड उचलून फोटोशेजारी धरला. एकही जुळत न्हाई. एक न्हाई. जुळायचं सोडा, जवळपास सुद्धा न्हाई. आन् काढताना प्रत्येक बाण मी छातीठोकपणे काढला होता. ती बाभूळ, तो चिवडा, ती ओढणी, हे सगळं कधीतरी झालं असंल, पण कुठल्या दगडाचं ते मला ठाऊकच नव्हतं. मी नुसता दगड हातात घेत होतो आन् तोंडाला येईल ते सांगत होतो, आन् मलाच ते खरं वाटत होतं. दगडांचं जाऊ द्या, मला माझीच भीती वाटली. एवढी वर्षं वर्गात उभं राहून जे जे आठवतंय म्हणून सांगितलं, त्यातलं किती असलंच होतं?

"मला वाटत होतं जुळतील," फरहीन म्हणली. आता ती रडत होती, आवाज न करता, आत अम्मीला ऐकू जाऊ नये म्हणून. "खरंच सर. एक जरी जुळला असता ना, मी बाकीच्यांना डोळे झाकून मार्कर लावला असता."

मंग मी जे बोललो ते मी बोलंन असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. म्हणलं, "फरहीन, मशीनला कुठं कळतंय, बाण कवा काढला ते."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिनं मोबाइल ओढणीत गुंडाळला आन् डोळे पुसले. म्हणली, "तारीख सोडून देते सर. दुसऱ्या कुणाला तरी मिळंल. लाइनीत लई जण आहेत."

एवढ्या साध्या आवाजात म्हणली, भाजी राहू द्या आज, असं म्हणावं तसं. मी हो म्हणलं. दुसरं काय म्हणणार होतो? पाच वर्षं उन्हातान्हात हिंडलेली पोरगी, सोमवारी सकाळी परत ओल्या कागदावरचे दाणे बघायला जाणार, आन् आता रोजच जाणार.

तेवढ्यात अकबरबी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बशा खाली ठेवल्या, तर समोर दगडांची ओळ, आन् प्रत्येकावर पांढरा बाण. त्यांचा चेहरा एकदम उजळला. कमरेवर हात ठेवून त्या ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या.

"हो गया क्या सर? सब बराबर हो गया?"

मी फरहीनकडं बघितलं. ती बशीकडं बघत होती. मला ईदचा दिवस आठवला, त्यांच्या हातातला तो डाव, त्या पट्ट्या. म्हणलं, बस्स झालं धम्मपाल, आता ह्या बाईला परत रडवायचं न्हाई.

"हो भाभी," मी म्हणलं. "सगळं बराबर झालं."

अकबरबींनी दोन्ही हात वर केले, तोंडावरून फिरवले. काहीतरी पुटपुटल्या. मंग माझ्याकडं वळल्या, नुसतं पाणी डोळ्यातून. पदरानं तोंड पुसत पुसत त्या बाहेर निघाल्या, चप्पल घालायचंही भान न्हाई.

"काय केलं हे सर?" फरहीन म्हणली.

"अगं, त्या दिवशी खरं बोलून मी..."

"त्या दिवशी ती रडली सर. आणखी चार दिवस रडली असती आन् थांबली असती. मी समजावलं असतं." तिनं चहाची बशी बाजूला सरकवली. तिला राग आलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. "आता रोज विचारंल, कवा होणार डॉक्टर. अजून का न्हाई झाली. तुम्ही महिन्याभरात रिटायर होऊन जाल. मला ह्याच घरात राहायचंय."

भिंतीपलीकडून अकबरबींचा आवाज येत होता. त्या शेजारणीला हाक मारून सांगत होत्या, की मेरे हाथ से जो गलती हुई थी ना, वो सर ने सब ठीक कर दिये. मेरी फरहीन डॉक्टर बनेंगी. सर खुद बोले.